गैरहजर आकड्याची हजेरी

आमच्या उलव्याच्या घराच्या गॅलरीतून विमानतळाकडची बाजू दिसते. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून विमानांची ये-जा सुरू झाली, तेव्हापासून माझा संध्याकाळचा चहा गॅलरीतच असतो. नातवाने मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलंय. त्यात नकाशावर छोटी छोटी पिवळी विमानं सरकत असतात, कुठलं विमान कुठून आलं तेही कळतं. एक दिवस लक्षात आलं, मोबाईलवरचं विमान अजून वाटेतच आहे आणि खरं विमान तर केव्हाच खाली उतरलं!

मी नातवाला म्हटलं, "अरे, तुझं हे रिअल-टाइम जरा मागेच आहे की."

तो हसला. म्हणाला, "थोडा उशीर असायचाच गं आजी. आणि सिग्नल तुटला ना, की ॲप अंदाजाने विमान पुढे सरकवत राहतं."

अंदाजाने पुढे सरकवत राहतं.. हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण नेमकं हेच आमच्या घरात वेगळ्या रूपात घडलं, आणि तिथे प्रश्न विमानाचा नव्हता, पैशाचा होता. त्यावर मला जे वाटतं ते आज लिहायला बसले आहे. विषय शेअरबाजाराच्या सॉफ्टवेअरचा आहे. "बाई, तुम्ही आणि शेअरबाजार?" असं माझे जुने विद्यार्थी म्हणतील. पण थोडं थांबा, यात शाळाही येणार आहे :-)

नातू इंजिनियर आहे. नोकरी सांभाळून त्याला ट्रेडिंगचा नाद लागलाय. त्याने घरच्या लॅपटॉपवर ॲमीब्रोकर नावाचं सॉफ्टवेअर घेतलंय. पोलंडच्या तोमाश यानेचेक यांनी ते बनवलं. १९९० च्या दशकात ते अमिगा नावाच्या संगणकासाठी होतं, नावातलं 'ॲमी' तिथून आलं. भावांचे आलेख काढणं, जुन्या आकड्यांवर एखादी पद्धत तपासून पाहणं, ही कामं ते फार झरझर करतं म्हणे. पण गंमत अशी की आपल्या बाजाराचे चालू भाव त्याच्याबरोबर येत नाहीत. भांडी, शेगडी सगळं तयार, शिधा तुमचा तुम्ही आणा! आणि तो कसा आणायचा, तर कंपनीने एक किट मोफत ठेवलंय. ते वापरून कोणालाही स्वतःचा जोड, म्हणजे प्लगिन, लिहिता येतो. एका बाजूने ब्रोकरकडून भाव घ्यायचे, दुसऱ्या बाजूने सॉफ्टवेअरला द्यायचे. नातू त्याला 'ब्रिज' म्हणतो. अटल सेतूच्या टोकाशी राहणाऱ्या माणसाला ब्रिज लगेच कळतो.

मी त्याला सगळं समजावून सांगायला लावलं. शिक्षकाची खोडच ती, समोरचा समजावून सांगू शकला की त्याला समजलंय असं समजायचं. तर ब्रोकरच्या वाटेने येणारा एकेक भाव म्हणजे 'टिक'. ती म्हणजे प्रत्येक सौद्याची नोंद असं नाही, अनेकदा तो बाजाराचा थोड्या थोड्या वेळाने काढलेला फोटो असतो. दोन फोटोंच्या मध्ये काय घडलं ते आपल्याला दिसत नाही. मग एका मिनिटातल्या टिका गोळा करून त्यांचा एक खांब करायचा. सुरुवातीचा भाव, सर्वात वरचा, सर्वात खालचा, शेवटचा, आणि किती शेअर हातबदल झाले तो आकडा.

पहिल्याच दिवशी त्याच्या पडद्यावर खाली उलाढालीचे खांब दिसत होते. सकाळी बुटके आणि दुपारपर्यंत जिन्यासारखे चढत गेलेले. मी विचारलं, "प्रत्येक मिनिटाला आधीच्यापेक्षा जास्तच उलाढाल होते का रे?" तो गप्प झाला. मग कपाळावर हात मारून घेतला. ब्रोकरकडून येणारा आकडा दिवसभराची आजअखेर बेरीज होता. मागच्या मिनिटाची बेरीज वजा करायला हा विसरला होता. वर्गशिक्षक म्हणून मी हजेरीपटात वर्षानुवर्षं 'या महिन्यात' आणि 'आजअखेर' असे दोन रकाने भरलेत. ते दोन एकमेकांत गेले की काय होतं ते मला इंग्रजी न वाचताही दिसतं! मला यात माझी हुशारी सांगायची नाही. सांगायचं आहे ते असं की सॉफ्टवेअरने तो चुकीचा जिना मुकाट्याने काढला. त्याला जे द्याल ते खरं. ते तुम्हाला एका शब्दाने विचारत नाही, हा आकडा कुठून आणलास बाबा?

ही चूक निभावली, कारण ती डोळ्यांना दिसत होती. पुढची दिसली नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार होता, निफ्टीच्या साप्ताहिक मुदतीचा दिवस. नातवाने रजा टाकली होती आणि ऑप्शन विकून बसला होता. दुपारी सोसायटीत मीटरच्या खोलीचं काम निघालं आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण इंटरनेटचा डबा बंद पडला. नातू जेवत होता. मधूनमधून पडद्याकडे नजर टाकत होता. घड्याळ पुढे जात होतं, दर मिनिटाला नवा खांब उमटत होता, फक्त सगळे खांब आडव्या रेघेसारखे सपाट. "बाजार झोपलाय," तो म्हणाला. अकरा मिनिटांनी वीज आली आणि एकदम उभा खांब चढला! बाजार झोपलेला नव्हता, आमच्या घरात येणं त्याने थांबवलं होतं. त्या अकरा मिनिटांचे ४१ हजार रुपये झाले. वेळेत कळलं असतं तर मोबाईलवरून सौदा मिटवता आला असता.

आता दोष कोणाचा? विजेचा नाही, सॉफ्टवेअरचा नाही, ब्रोकरचा तर नाहीच. नातवाने स्वतःच ब्रिजमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती, टिक आली नाही तर मागचाच भाव पुढच्या मिनिटाला लिही. आलेखात भोकं दिसू नयेत म्हणून. त्याच्या भाषेत याला 'फॉरवर्ड फिल' म्हणतात. माझ्या भाषेत याला गैरहजर मुलाची हजेरी लावणं म्हणतात.

आमच्या वेळी हजेरीपट कोरा ठेवणं चालायचं नाही. पण त्याहून मोठा गुन्हा होता तो न आलेल्या मुलाला हजर दाखवण्याचा. का? कारण त्या पटावर पुढची सगळी कामं उभी असायची. मुलगा शाळेत आहे असं घरचे समजायचे, आणि तो नदीवर. खाडा दिसला असता तर कोणीतरी शोधायला निघालं असतं. खोट्या हजेरीने शोधच थांबतो. कोऱ्या जागेने माणूस सावध होतो, आणि सपाट रेघ पाहून तो जेवायला बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वतःची फीड जोडणाऱ्या माणसाने वेगाच्या मागे लागण्याआधी त्या फीडला 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवावं.

हे मी म्हटल्यावर नातवाचा पहिला विचार काय असावा? आणखी वेगवान लाईन घेऊ, दुसरा संगणक भाड्याने घेऊ! मला वाटतं या वयात सगळ्यांनाच उत्तर वेगात दिसतं. म्हणून थोडं वेगाबद्दल. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, उलव्याहून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. तारेतून जाणाऱ्या प्रकाशाला एवढं अंतर म्हणजे काहीच नाही, सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही छोटासा तुकडा. वेळ जातो तो मधल्या थांब्यांवर. एक्स्चेंजकडून ब्रोकर, ब्रोकरचे संगणक, इंटरनेट कंपनी, आमच्या घरातला डबा, नातवाचा ब्रिज. आणि ज्यांना खरंच घाई आहे त्यांनी आपले संगणक एक्स्चेंजच्याच आवारात भाड्याने ठेवलेले असतात. त्याला को-लोकेशन म्हणतात, आपल्याकडे ते २०१० पासून आहे.

त्या आवारातही सगळ्यांना एकाच क्षणी भाव मिळत होते का? याच प्रश्नावर मोठं प्रकरण झालं. त्या काळातली पद्धत अशी होती की एक्स्चेंजचा सर्व्हर जोडलेल्या प्रत्येकाला ओळीने, एकामागून एक माहिती पाठवायचा. जो सकाळी आधी जोडला गेला त्याला आधी. मी तपासलेल्या वह्या वाटते तशी! पहिल्या बाकावरच्याला वही मिळून तो चुका दुरुस्त करायला लागतो, तेव्हा शेवटच्या बाकावरचा अजून वाट बघत असतो. नंतर पद्धत बदलली आणि एकच माहिती सगळ्यांसाठी एकदम सोडली जाऊ लागली, म्हणजे वह्या वाटण्याऐवजी फळ्यावर लिहिणं. ३० एप्रिल २०१९ ला सेबीने एक्स्चेंजला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो वसुलीचा आदेश रद्द केला, मात्र पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी गुंतवणूकदारांच्या निधीत भरायला सांगितले. संगनमताचा आरोप सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये पुराव्याअभावी निकाली काढला. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगणारी मी कोण. मला त्यातून एवढंच दिसलं की सेकंदाच्या बारीक तुकड्यांसाठी मोठमोठी माणसं कोर्टकचेरीपर्यंत जातात. त्या शर्यतीत उलव्याच्या सदनिकेतला एक लॅपटॉप धावायला निघालाय!

धावणाऱ्यांचं काय होतं तेही सेबीने मोजलंय. सप्टेंबर २०२४ चा त्यांचा अभ्यास आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या मोठ्या पेढ्यांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी कमावले. यातला जवळजवळ सगळा नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांचा होता. म्हणजे समोरचाही संगणकच आहे, फक्त त्याची फीड आपल्याहून चांगली आहे.

तुम्ही म्हणाल, मग मुलाला हे सगळं बंद कर असं सांगा. तसं मी सांगणार नाही. स्वतः ब्रिज लिहिताना तो जेवढं शिकला तेवढं आयत्या पडद्यावर शिकला नसता. भाव कसा येतो, कुठे अडतो, हे त्याला आता कळतं. आणि मोठ्यांचीही फीड अडते हे विसरू नका. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी दहानंतर एनएसईवर निफ्टीचा आकडा हलेनासा झाला. ११ वाजून ४० मिनिटांनी त्यांनी सगळे व्यवहारच थांबवले, दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू केले आणि पाचपर्यंत चालवले. लोकांचा फार खोळंबा झाला, नाराजीही झाली. पण मला त्यातलं थांबणं योग्य वाटतं. आकडा धड नाही, तर खेळ बंद. घरच्या ब्रिजलाही हीच शिस्त हवी.

माझे वडील सांगलीच्या बाजारात हळद पाठवायचे. अडत्याचं पोस्टकार्ड यायचं, त्यात भाव. तो भाव दोन-तीन दिवसांचा शिळा असायचा, पण कार्डावर तारीख असायची आणि खाली अडत्याची सही. वडील आधी तारीख वाचायचे, मग भाव. कार्ड आलं नाही तर "भाव तोच असेल" असं ते कधीच म्हणाले नाहीत, "कळलं नाही" म्हणायचे आणि माल घरात ठेवायचे. आजच्या टिकेलाही तारीख-वेळ असते, एक्स्चेंजने मारलेली. नातवाचा ब्रिज मात्र ती टाकून देऊन लॅपटॉपचं घड्याळ वापरत होता. पोस्टकार्डावरची तारीख खोडून आजची लिहावी तसं!

आता मूळ गोष्टीकडे येते. हे सगळं मी इतकं खोलात का गेले? कारण या प्रकारानंतर महिन्याभराने नातू मला म्हणाला, "आजी, ब्रिज आता नीट झालाय. तुझ्या डिमॅट खात्यावरही लावू का? तुझे शेअर नुसते पडून आहेत. तारण ठेवले तर मार्जिन मिळेल."

ते शेअर ह्यांनी घेतलेले आहेत. पगारातून थोडे थोडे, कागदी सर्टिफिकिटांच्या काळात. ह्यांच्या मागे मी ते विकलेले नाहीत. नुसते पडून आहेत हे खरं, पण माझ्यासाठी ते पडून नाहीत.

सेबीचं ४ फेब्रुवारी २०२५ चं एक परिपत्रक नातवानेच मला वाचून दाखवलं होतं. स्वतःच्या प्रोग्रॅमने सौदे करणाऱ्या सामान्य माणसांसाठी आहे ते. ब्रोकरने ग्राहक ओळखला पाहिजे, इंटरनेटचा पत्ता ठरलेला हवा, सेकंदाला ठराविक संख्येपेक्षा जास्त ऑर्डरी जात असतील तर प्रोग्रॅमची नोंदणी हवी. आणि असा नोंदवलेला प्रोग्रॅम घरच्यांसाठी वापरता येतो. घरचे कोण? स्वतः, नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. मी म्हटलं, "अरे, यात आजी कुठेच नाही! आणि मी तर पेन्शनर, कोणावर अवलंबूनही नाही." दोघंही खूप हसलो.

हसण्यावारी नेलं तरी मला त्यात एक गोष्ट खटकली. हे सगळे नियम घरातून बाहेर जाणाऱ्या ऑर्डरीवर लक्ष ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. पण घरात येणारा आकडा ताजा आहे की शिळा, हे आपल्या लॅपटॉपमध्ये डोकावून कोण बघणार? ते काम घरच्याच माणसाचं. म्हणून मी नातवाला माझ्या अटी लिहून दिल्या. वळणदार अक्षरात, फ्रिजवर लावल्यात.

प्रत्येक भावाशेजारी त्याचं वय दिसलं पाहिजे, एक्स्चेंजच्या वेळेवरून मोजलेलं. भाव येणं थांबलं तर जागा कोरी राहावी, घंटा वाजावी आणि नवी ऑर्डर जाऊ नये. यावर तो म्हणाला, "पण काही ऑप्शनमध्ये खरंच पाच-पाच मिनिटं सौदाच होत नाही." बरोबर आहे. मुलगा वर्गात आहे पण गप्प आहे, आणि मुलगा वर्गातच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून भाव आला की नाही याखेरीज जोडणी जिवंत आहे की नाही हेही वेगळं तपासायचं. तिसरी अट, रोज संध्याकाळी एक्स्चेंजच्या भावकॉपीशी ताळा. पहिल्याच दिवशी शेअरचे बंद भाव जुळेनात म्हणून तो वैतागला, तेव्हा त्याला शोधावं लागलं की 'शेवटचा सौदा' आणि 'बंद भाव' हे भावकॉपीतले दोन निरनिराळे रकाने आहेत. बंद भाव वर्षानुवर्षं शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी काढून ठरत आलाय. ताळा घेतला नसता तर हे कळलं असतं का?

आणि शेवटची अट, आकडा सरळ मार्गाने आलेला हवा. टेलिग्रामवर कोणीतरी महिना दोन-तीनशे रुपयांत 'लाईव्ह डेटा' विकतो म्हणे. एक्स्चेंजचे भाव विकायला परवाना लागतो, आणि परवाना घेऊन हे काम करणारे आहेत. आपल्या नाशिकची ग्लोबल डेटाफीड्स त्यातलीच. चोरलेल्या फीडवर सहीच नसते. उद्या चुकली तर कोणाची कॉलर धरणार? दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या गणितात त्याची चूकही उतरते, हे मी पस्तीस वर्षं पाहिलंय.

या अटी पाळून तीन महिने कागदावर सौदे करायचे, खरे नाहीत. ताळ्याची वही मला दाखवायची. त्यानंतरही माझ्या शेअरना हात लावायचा नाही, हे मी स्पष्ट सांगितलंय. त्याला थोडं वाईट वाटलं. दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. मग परवा संध्याकाळी वही घेऊन आला. एका ठिकाणी चार ओळी कोऱ्या होत्या. "आजी, १:१२ ते १:१५ भाव आले नाहीत. कोरं सोडलंय," तो म्हणाला.

मी तिथे लाल पेनाने बरोबरची खूण केली.

असो. माझं काही चुकत असेल तर या क्षेत्रातल्या मंडळींनी जरूर सांगा. आणि सांगली-मिरजेकडच्या घरच्यांनो, तुमच्याकडेही कोणी नातू-भाचा असे ब्रिज बांधत बसला असेलच. त्याला किती कमावलंस हे नंतर विचारा. आधी एवढंच विचारा, तुझी फीड बंद पडली तर तुला कसं कळतं रे?